चार पौंडांचा वाद

मिनेसोटात जानेवारी महिन्यात गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला निघालेल्या माणसाला काही विचारायचंच असेल, तर बारीकसं विचारावं. “रीलवर दोरी कुठली भरलीय?” एवढं म्हटलं की तो खुलतो. उणे वीस अंशांत हातमोजा काढतो, रील आपल्या नाकासमोर धरतो आणि सांगायला लागतो. “पण कशासाठी?” असं मात्र विचारू नये. घरात हीटर चालू आहे, फ्रीजरमध्ये मासे आहेत, तरी आठ इंची भोकाकडे बघत दिवसभर का बसायचं, याचं उत्तर त्याच्याकडे नसतं. आणि ते नाही हे त्यालाही पक्कं ठाऊक असतं.

दोरीच्या वादाचं मूळ मला इथेच दिसतं. मोठा प्रश्न अंगावर येऊ नये म्हणून माणूस छोट्या प्रश्नाचा कीस काढत बसतो. हिशेबच बघा. साठ हजार डॉलरचा पिकअप ट्रक तो एका दुपारी घेतो. बर्फावर ओढत न्यायचं चाकांचं घर असतं, त्यात पलंग, शेगडी आणि टीव्हीही असतो. ते घेताना फक्त बायकोचा होकार लागतो. भोक पाडायचं गिरमीट, भोकातून तळ दाखवणारं सोनार यंत्र, अंतराळवीराला शोभेल असा पोशाख, या सगळ्या गोष्टी ‘लागतातच’ या एका शब्दावर घरात येतात. आणि मग येते दोरी. सात डॉलरची. तिच्यावर दिवाळीपासून नाताळपर्यंत खल चालतो.

या राज्याच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘दहा हजार तळी’ असं लिहिलेलं असतं. दहा एकरांहून मोठी तळी सरकारने मोजली तेव्हा ती ११,८४२ भरली. असेल त्याहून कमी सांगणं हा इथल्या माणसांचा स्वभाव आहे. माशाची लांबी सांगताना तेवढा तो सुटतो. नोव्हेंबर-डिसेंबरात ही तळी गोठतात. चालत जायचं तर चार इंच बर्फ हवा, ट्रक न्यायचा तर फुटाहून जास्त, असं राज्याचं निसर्गसंपदा खातं सांगतं आणि शेवटी पुस्ती जोडतं, की शंभर टक्के सुरक्षित बर्फ असा नसतोच. लोक पहिलं वाक्य वाचतात. मिलॅक्स नावाचं पाचशे चौरस किलोमीटरहून मोठं तळं आहे. तिथले रिसॉर्टवाले बर्फावर रस्ते नांगरतात, भेगांवर पूल टाकतात आणि जाण्यायेण्याचे पैसे घेतात. पाण्यावर टोलनाका!

बर्फाखाली मासे जिवंत कसे राहतात, हे शाळेत शिकलेलं इथे उपयोगी पडतं. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, म्हणून ते तळाशी बसतं. वर बर्फाचं झाकण. म्हणजे मासा चार अंशांत आणि माणूस उणे वीस अंशांत. १९९६ च्या फेब्रुवारीत टॉवर या गावी पारा उणे एक्कावन्नपर्यंत उतरला होता. कोणाची दया कोणाला यायला हवी, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पण चार अंशांतला मासा उन्हाळ्यातल्या माशासारखा नसतो. थंड रक्ताचा प्राणी, त्याचं सगळं काम संथ. गळाला झडप वगैरे घालत नाही. आमिष नुसतं तोंडात ओढून बघतो, पटलं नाही तर सोडून देतो, आणि वर बसलेल्याला काही कळतसुद्धा नाही. दोरी किंचित हलली, किंचित सैल पडली, एवढीच काय ती खबर. म्हणून सगळा भार दोरीवर. वादाला निदान तोंडदेखलं कारण तरी आहे.

या वादात तीन पंथ आहेत.

पहिला पंथ नायलॉनवाल्यांचा, म्हणजे आपल्या कोकणी भाषेत तंगूसवाल्यांचा. ड्यूपाँ कंपनीने १९३८ साली नायलॉन जगाला दाखवलं. त्याचा पहिला उपयोग दात घासायच्या ब्रशाच्या केसांसाठी झाला, मग बायकांच्या मोज्यांसाठी, आणि तेच एकसंध धाग्याच्या रूपात मासेमारांच्या हाती आलं. हा पंथ सनातनी आहे. ‘आमच्या आजोबांनी हाच वापरला’ हा त्यांचा पहिला मुद्दा आणि ‘स्वस्त आहे’ हा दुसरा. मुद्दे खोटे नाहीत. नायलॉनला गाठ छान बसते, आणि ते ताणलं जातं. बर्फावरची काठी जेमतेम दोन-अडीच फुटांची असते. माशाने हिसका दिला तर तो झेलायला काठी पुरत नाही, दोरीचा ताण कामाला येतो.

दोष एकच, पण मोठा. नायलॉन काही विसरत नाही. बर्फावरची रील लहान, तिचं चाक त्याहून लहान, आणि त्या चाकावर दहा महिने वेटोळं घालून बसलेली दोरी बाहेर काढली तरी वेटोळ्यांतच राहते. थंडीत ती आणखी ताठ होते. खाली लोंबणारा गळ म्हणजे टंगस्टनचा मसुराएवढा मणी, वजन ग्रामभर. त्याच्याने ती वेटोळी सरळ होत नाहीत. मग मासा खाली आमिष चाखून जातो आणि ती खबर वेटोळ्यांतच जिरते. यावर उपाय म्हणून लोक दोरीची दोन टोकं धरून ती ताणतात. नाताळच्या सुट्टीत दोन प्रौढ गृहस्थ दिवाणखान्याच्या दोन भिंतींना पाठ लावून, मधली अदृश्य वस्तू गंभीरपणे खेचत उभे आहेत, हे दृश्य पाहून पाहुण्यांनी घाबरू नये.

दुसरा पंथ फ्लुरोकार्बनवाल्यांचा. ही दोरी जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये आणली. तिचा महिमा असा, की ती पाण्यात दिसत नाही. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, हिचा १.४२, नायलॉनचा दीडच्या वर. म्हणून हिच्यातून जाताना प्रकाश कमी वाकतो आणि माशाला ती कमी दिसते. या पंथात शिकलेले लोक फार. अपवर्तनांक हा शब्द दहावीनंतर पहिल्यांदाच कामाला येतोय, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नाही.

विरोधक विचारतात, की बर्फ दोन फूट, त्यावर हिम, त्यात वॉलआय नावाचा मासा खातो तो संध्याकाळी, दिवस मावळताना. अशा अंधारात दोरी दिसू नये म्हणून दुप्पट पैसे कशाला? यावर फ्लुरोकार्बनवाले शांतपणे सांगतात, की वॉलआयच्या डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, मांजरासारखा, त्यामुळे त्याला अंधारातही दिसतं. हेही खरं आहे. १९६५ पासून हा मिनेसोटाचा राज्यमासा आहे, तेव्हा त्याच्या दृष्टीबद्दल वावगं बोलणं राजद्रोहच. शिवाय ही दोरी पाणी पीत नाही, पाण्याच्या पावणेदोन पट जड म्हणून सरळ बुडते, आणि भोकाच्या धारदार कडेला घासली तरी तग धरते. तिची गाठ मात्र नाजूक. कोरडी आवळली तर घर्षणाने भाजून निघते, म्हणून आधी थुंकी लावायची. उणे वीस अंशांत, उघड्या बोटांनी, थुंकी लावून, केसाहून जेमतेम जाड अशा धाग्याची गाठ मारणारा माणूस तेव्हा तोंडाने काय म्हणतो, ते छापता येणार नाही.

तिसरा पंथ विणलेल्या दोरीचा. हे पॉलिथिलीनचे अतिबळकट धागे, ज्यांची बुलेटप्रूफ जाकिटं करतात. पलीकडून येणारा शत्रू तळहाताएवढा ब्लूगिल असला तरी तयारी गोळीबाराची. ही दोरी जवळपास ताणलीच जात नाही. तीस फुटांखाली माशाने नुसता श्वास घेतला तरी बोटाला कळतं, असं त्यांचं म्हणणं. वेटोळ्यांची भानगड नाही, जाडी अर्धी, ताकद दुप्पट. हा तरुणांचा पंथ आहे, आणि सगळ्याच तरुण पंथांप्रमाणे हाही बाकीच्यांना मागास समजतो.

पण विणीत फटी असतात आणि फटींत पाणी बसतं. उघड्यावर बसून दोरी वर ओढली की पाणी तिच्याबरोबर वर येतं आणि काठीच्या कड्यांवर गोठतं. पाच मिनिटांत कडी बुजतात. मग काठीचं टोक पुन्हा भोकात बुडवून बर्फ वितळवायचा, किंवा बोटांनी फोडायचा. काही जण आधीच कड्यांना ओठांचं मलम फासून ठेवतात. त्यामुळे या पंथातल्या लोकांची कडी मऊ आणि ओठ फुटलेले असतात.

आता गंमत ऐका. विणलेली दोरी रीलच्या गुळगुळीत चाकावर नुसती गुंडाळली तर घसरते, म्हणून तिच्याखाली थोडं नायलॉन घालावं लागतं. आणि ती पाण्यात ठळक दिसते व हलकी म्हणून तरंगते, म्हणून तिच्या टोकाला दोन-तीन फूट फ्लुरोकार्बन जोडावं लागतं. म्हणजे खाली नायलॉन, मध्ये वीण, शेवटी फ्लुरोकार्बन. एवढ्याशा चाकावर तिन्ही पंथ गुण्यागोविंदाने नांदतात. भांडतात ती फक्त ते चाक फिरवणारी माणसं.

आणि ती भांडतात कुठे? बर्फावर ओढून नेलेल्या गरम झोपडीत! गोठण्याचे, ताठ होण्याचे, कडी बुजण्याचे सगळे मुद्दे उणे वीस अंशांत बसणाऱ्यांसाठी आहेत. प्रत्यक्षात वाद घालणारे प्रोपेनच्या शेगडीजवळ टी-शर्टवर बसलेले असतात. आत हवा पुण्याच्या दिवाळीसारखी. तिथे दोरीला एकच धोका, तो शेगडीचा. वादाच्या भरात उठलेल्या माणसाची सैल दोरी शेगडीला टेकते आणि मुद्द्यासकट वितळते.

मिनेसोटातल्या ट्विन सिटीज या जोडशहरांच्या परिसरात मराठी मंडळी भरपूर. कोणी वैद्यकीय उपकरणं बनवतो, कोणी सॉफ्टवेअर. त्यांतले काही हिवाळ्यात तळ्यावर जातात, आणि गेले की हा वाद आपल्या घरचाच असल्यासारखा अंगावर घेतात. आमच्या कंपूतल्या मालवणकडच्या गृहस्थांनी लहानपणी खडकावर उभं राहून गरी टाकलेली. त्या वेळी तंगूस बाटलीला गुंडाळलेला, खाली शिसं, गळाला कोळंबी, आणि मासा लागला की हाताने ओढायचा. काठी नाही, रील नाही, पंथ तर नाहीच. त्यांना दुकानात दोन पौंडांची, म्हणजे दोन पौंडांचा ताण सोसणारी, दोरी दाखवली, तेव्हा त्यांनी ती उजेडाकडे धरून शोधली. “अरे, ही दोरी आहे की दोरीची जाहिरात?” एवढंच म्हणाले.

दुसरे एक पुणेकर. त्यांनी स्प्रेडशीट केलं. आडवे रकाने दोऱ्यांचे, उभे रकाने गुणांचे, प्रत्येक गुणाला भारांक. तीन आठवड्यांनी त्यातून निष्पन्न झालं, की सगळ्या दोऱ्या साधारण सारख्याच आहेत. तेव्हा त्यांनी भारांक बदलले.

आणि फ्लुरोकार्बनचा सर्वांत कडवा पुरस्कर्ता आमच्यात कोण, तर एक शुद्ध शाकाहारी. मासा खात नाही, धरलेला बघत नाही, वॅक्सवर्म नावाच्या पांढऱ्या अळ्यांची डबी उघडली की बाहेर जाऊन उभा राहतो. पण माशाला दोरी दिसता कामा नये, यावर तो ठाम आहे. कारण विचारलं तर म्हणतो, “फसवायचंच आहे तर नीट फसवा. अर्धवट काम मला चालत नाही.”

जुनी दोरी टाकून नवी भरायची ती दरवर्षी, हा नियम आमच्या मंडळींना फार लागतो. पण त्यातही मार्ग आहे. तळं तीस फूट खोल आणि दुकानातली गुंडाळी शंभर वारांची. चाक काठोकाठ भरलेलं हवं, नाहीतर वेटोळी आणखी लहान होतात. मात्र तळाशी गेलेली दोरी कधी पाण्याचं तोंडही पाहत नाही. तेव्हा खाली जुनी, वर नवी, आणि एका गुंडाळीत दोन-तीन रील. हा शोध लागला त्या संध्याकाळी झोपडीत एवढा आनंदीआनंद झाला, की एका भोकातली काठी वाजत होती, ती कोणी ऐकली नाही.

एक बारीक गोष्ट मात्र खरोखर कामाची. साध्या स्पिनिंग रीलमध्ये चाक फिरत नाही, दोरी त्याच्याभोवती गुंडाळली जाते, म्हणून दरवेळी तिला पीळ बसतो. तो पीळ पाण्यात उलगडतो आणि खाली गळ भोवऱ्यासारखा फिरत राहतो. फिरणारं जेवण क्रॅपी आणि ब्लूगिल हे मासे तोंडात घेत नाहीत. म्हणून आता सरळ रीलची चाल आहे. आपली पतंगाची फिरकी जशी सरळ फिरते आणि मांजा पीळ न पडता सुटतो, तशी ही. ज्याने संक्रांतीला गच्चीवर फिरकी धरली आहे, त्याला हे रील शिकवावं लागत नाही. फक्त ढील द्यायची ती खाली, आणि ‘काट’ म्हणून ओरडायचं नाही.

मग पौंडांचा प्रश्न. चार पौंडांची दोरी म्हणजे चार पौंडांपर्यंतचाच मासा, असं नव्याला वाटतं. तसं नसतं. पाण्यात मासा जवळपास वजनरहित असतो, आणि रीलचा ड्रॅग, म्हणजे तिचा ब्रेक, नीट लावला असेल तर जोराचा ओढा आला की दोरी तुटायच्या आधी सुटत जाते. मासा वजनाला येतो तो भोकातून बाहेर काढताना. तिथेच तो डोकं आडवं घालतो, दोरी बर्फाच्या कडेला घासते, आणि आयुष्यभर सांगायची गोष्ट जन्माला येते. तुटलेल्या दोरीच्या माशाचं वजन कोणी करू शकत नाही, हा या खेळातला सर्वांत मोठा दिलासा.

मोठ्या माशाचा विषय निघालाच म्हणून सांगतो. मिनेसोटातला विक्रमी वॉलआय १७ पौंड ८ औंसांचा. तो सापडला १९७९ मध्ये सीगल नदीत, आणि सापडला मे महिन्यात. हे वाक्य झोपडीत उच्चारायचं नसतं.

कायदाही वादाला खतपाणी घालतो. इथे उन्हाळ्यात माणशी एकच दोरी टाकता येते, बर्फावर दोन. हे कलम कोणा समंजस माणसाने घातलं असावं. एकीवर नायलॉन भरा, दुसरीवर वीण, वाद मिटला! मिटत नाही. नायलॉनला मासा लागला की वीणवाला म्हणतो, तुझं भोक चांगल्या जागी आहे. भोकं बदलली आणि पुन्हा नायलॉनलाच लागला, तर म्हणतो, आता वेळ बदलली. मासा एक, मतं दोन, आणि पुरावा कोणाच्याच कामाचा नाही.

ब्रेनर्डजवळच्या गल लेकवर दरवर्षी ऐन हिवाळ्यात धर्मादाय स्पर्धा भरते. स्वयंसेवक आधीच हजारो भोकं पाडून ठेवतात. दुपारी बारा ते तीन, तेवढ्या वेळात हजारो माणसं एकमेकांना खेटून आपापल्या भोकात बघतात. बक्षिसांत पिकअप ट्रक असतो. तिथे तिन्ही पंथांचे लोक तिन्ही दोऱ्या घेऊन येतात, आणि त्यांतले बहुतेक तिन्ही पंथांतून सारख्याच निष्ठेने रिकाम्या हाताने परत जातात. दोरीचा एवढा मोठा प्रयोग जगात दुसरीकडे होत नसेल. त्यावरून कोणाचं मत बदलल्याचं मात्र ऐकिवात नाही.

आणि हा सगळा वाद आमिषाच्या दुकानातल्या आजीबाई अर्ध्या मिनिटात संपवतात. दुकानात परवाना मिळतो, अळ्या मिळतात, पेट्रोल मिळतं, कॉफी मिळते. आमचे पुणेकर स्प्रेडशीटचा कागद उलगडत होते, तेवढ्यात आजीबाईंनी विचारलं, “आत बसणार की उघड्यावर?” आत. “मासा कुठला?” क्रॅपी, ब्लूगिल. “तीन-चार पौंडांचं नायलॉन घ्या. वॉलआय हवा तर सहा पौंड. उघड्यावर बसायचं तर वीण नको, फ्लुरोकार्बन घ्या. खोल पाण्यात वीण चालेल, पण आत बसूनच, आणि टोकाला फ्लुरोकार्बन. नॉर्दर्न पाइकला दात असतात, त्याला तार लावा. पुढचं गिऱ्हाईक!”

पुणेकरांनी कागदाची घडी केली. मालवणकर खूश झाले. शाकाहारी गृहस्थ मात्र दुकानाबाहेर येताच म्हणाले, “बाईंना अपवर्तनांक माहीत नसावा.” आणि आम्हा सगळ्यांना एकदम हायसं वाटलं.

कारण आजीबाईंचं ऐकून सगळे गप्प बसले असते, तर तळ्यापर्यंतच्या दोन तासांच्या रस्त्यात कोणीतरी मोठा प्रश्न काढलाच असता. शनिवार आहे, ऊन पडलंय, घरी मटण शिजतंय, मग आपण कुठे निघालोय? त्या प्रश्नापुढे ना नायलॉन टिकतं, ना फ्लुरोकार्बन, ना बुलेटप्रूफ वीण.

तेव्हा तुमचं कोणी मिनेसोटात असेल आणि ‘या हिवाळ्यात बर्फावर जाणार, दोरी कुठली घेऊ?’ असं विचारत असेल, तर कळवा: चार पौंडांचं नायलॉन, सात डॉलर, डोळे मिटून. फक्त हे उत्तर त्याने स्वतःजवळ ठेवावं. झोपडीत जाऊन ते बोलला, तर बाकीच्यांनी मासा लागेपर्यंत करायचं काय?